सुट्टा दिवस, खारट लोणी

नातवाला पाळणाघरात सोडलं. आतून येणारं रडणं बारीक होत होत थांबलं, आणि आम्ही दोघं बाहेर रस्त्यावर नुसतेच उभे राहिलो. कॉर्कला येऊन तीन महिने झाले होते. बाटल्या उकळणं, तेल लावणं, अंघोळ, मांडीवर झोपवणं आणि झोपला की घरभर चोरपावलांनी फिरणं, यापलीकडं आयर्लंड म्हणून काही देश आहे याचा आम्हाला विसरच पडला होता. आज सकाळी नऊ ते दुपारी चार आम्ही मोकळे.

"अहो, आता करायचं काय?" हिनं विचारलं.

लेकीनं त्याची सोय आधीच केली होती. तिनं यादी दिली होती आणि प्रत्येक ठिकाणापुढं बसची किंवा गाडीची वेळ. पहिलं नाव ब्लार्नीच्या किल्ल्याचं. तिथं तटाच्या माथ्यावर एक दगड आहे. उताणं पडून, डोकं मागं खाली सोडून त्याचा मुका घेतला की माणसाला बोलण्याची सिद्धी येते म्हणतात. "तुझ्या बाबांना त्याची गरज नाही, उलटा दगड असला तर सांग," असं हिनं आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं. दुसरं कोव्ह, म्हणजे १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक शेवटची जिथं थांबली ते बंदर. तिसरं किन्सेल. जागा चांगल्याच असणार. पण सुट्ट्या पैशांसारखाच सुट्टा दिवस असतो. त्यात मोठी खरेदी करायला जाऊ नये, किरकोळीतच उडवावा. यादी खिशात घातली आणि गावात जाणारी पहिली बस पकडली.

इथं बसमधून उतरताना लहानथोर सगळे ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणतात. मीही म्हणतो. एसटीच्या ड्रायव्हरला चाळीस वर्षांत एकदाही म्हणालो नाही, याचं आता वाईट वाटतं.

कॉर्क म्हटलं की आपल्याला बाटलीचं बूच आठवतं. त्याचा इथं काही संबंध नाही. आयरिश भाषेतलं मूळ नाव कोर्कीग, म्हणजे दलदल. ली नावाच्या नदीचे दोन फाटे होतात आणि मधल्या बेटावर गावाचा गाभा वसला आहे. पूर्वी बेटं बरीच होती आणि त्यांच्यामध्ये पाणी. अठराव्या शतकात एकेक ओढा झाकून त्यावर रस्ते केले. सगळ्यात मोठा रस्ता सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट, तो असा कमरेत वाकलेला का, हे मला तीन महिने कळत नव्हतं. खाली नदी आहे, आणि रस्ता अजून तिच्याच वळणानं जातो. साउथ मॉल नावाच्या रस्त्यावरच्या काही जुन्या घरांना मुख्य दाराकडं चढणाऱ्या पायऱ्या आहेत आणि त्यांच्या खाली रस्त्याच्या पातळीवर आणखी एक दार. तिथं होड्या लागायच्या. आम्ही पंचगंगेकाठची माणसं, झाकलेल्या पाण्यावर आमचा विश्वास नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ली या रस्त्यांत शिरलीच होती. आमच्याकडं २०१९ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पॅट्रिक्स स्ट्रीटवरून आत वळलं की इंग्लिश मार्केट. १७८८ चा बाजार, डोक्यावर उंच छत. आयर्लंडमधल्या बाजाराला इंग्लिश का म्हणायचं? गावाचा कारभार तेव्हा इंग्रजी वळणाच्या प्रोटेस्टंट मंडळींच्या हातात होता, त्यांचा म्हणून हा इंग्लिश. पुढं गरिबांसाठी जवळच दुसरा बाजार निघाला, त्याला लोक आयरिश म्हणू लागले. नावातच सगळा इतिहास उरकला.

मासळीच्या फळ्यांसमोर ही रेंगाळली. मी मटणवाल्यांच्या रांगेत थांबलो, कारण तिथं ओळखीचं दिसलं. पांढरी, जाळीदार वजडी, आणि शेजारी काळसर, चकचकीत, आतड्यात भरलेलं काहीतरी. त्याला ड्रिशीन म्हणतात. मेंढीचं आणि गाईचं रक्त घालून करतात, आणि वजडीबरोबर दुधाकांद्याच्या पांढऱ्या रश्श्यात शिजवतात. म्हणजे आमची रक्तीच की! फक्त तांबड्या रश्श्याला पारखी झालेली. विकणाऱ्यानं विचारलं, "ऑलराइट, बॉय?" माझं वय अडुसष्ट. पण कॉर्कमध्ये पुरुष कितीही वर्षांचा असला तरी बॉयच असतो. कोल्हापुरात जसा प्रत्येक जण भावा.

पुढं एका ठिकाणी अंडी होती, जरा तुकतुकीत. ताजं, अजून कोमट असलेलं अंडं तळहातावर लोणी घेऊन चोळायचं. कवचाची बारीक छिद्रं बुजतात, आतली हवा-ओल जागच्या जागी राहते आणि अंडं बरेच दिवस टिकतं. फ्रिज नव्हते तेव्हाची युक्ती, चव म्हणून अजून चालू आहे. "लोणी इतकं उतू चाललं होतं यांच्याकडं?" ही म्हणाली. तूप करायला म्हणून मी तिथंच लोण्याचे दोन पुडे घेतले. इथल्या हवेत लोणी दिवसभर पिशवीत राहिलं तरी वितळत नाही. तिनं वेष्टन वाचायला मागितलं. मी म्हटलं, "माझी उभी हयात दुधात गेली, मला लोणी कळत नाही होय?"

ते खरंही आहे. सहकारी दूध संघाच्या संकलन विभागात मी एकतीस वर्षं काढली. गावोगावच्या डेऱ्यांवर पहाटे जायचं, कॅन तपासायचे, फॅट किती लागली यावरून होणारी भांडणं मिटवायची. म्हणून नदी ओलांडून उत्तरेच्या चढावर शँडनला गेलो, तेव्हा मला चर्चपेक्षा त्याच्या शेजारचं लोण्याचं संग्रहालय जास्त खुणावत होतं. पण हिचा हट्ट आधी घंटांचा.

सेंट ॲन्स चर्च १७२२ चं. मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या आणि दोन पांढऱ्या चुनखडीच्या, टोकावर वारा दाखवणारा भलामोठा सोनेरी मासा. खाली चारी दिशांना चार घड्याळं. गावानं त्यांना नाव ठेवलं आहे चार तोंडांचा खोटारडा, कारण चारही तोंडं वेगवेगळी वेळ सांगतात. तासाचा ठोका पडतो तेव्हा तेवढी एकमताला येतात, मग पुन्हा ज्याची त्याची वाट. पूर्वेच्या तोंडानुसार आम्हाला तिथं पोचायला उशीर झाला होता, दक्षिणेच्या तोंडानुसार अजून बराच वेळ होता. आम्ही दक्षिण धरली.

मनोऱ्याला १३२ पायऱ्या, पण घंटा वाजवायला वरपर्यंत जावं लागत नाही. पहिल्या टप्प्यावरच आठ दोऱ्या ओळीनं बांधलेल्या आहेत, त्यांना आकडे दिलेले, आणि पुढ्यात पत्त्यांसारखी पानं. त्यावर गाण्याच्या चाली आकड्यांत लिहिलेल्या. कोणीही यावं आणि अख्ख्या गावाला ऐकवावं. १७५२ पासून या घंटा वाजताहेत. हिनं पानं बाजूला सारली आणि आरतीची चाल धरायला सुरुवात केली. दोरी खेचणं आणि आवाज होणं यात जरासं अंतर पडतं, आणि कोमल स्वर लागला की दोरीच नाही. तिसऱ्या ओळीला गाडं अडलं. मग तिनं कपाळाला आठ्या घालून चार, चार, पाच, चार करत निमूट एक पान वाजवलं. खाली आल्यावर गल्लीतल्या एका आजीबाईंनी हात हलवला. "लव्हली," म्हणाल्या. कुठल्या भागाला, ते आम्ही विचारलं नाही.

आणि मग लोणी.

एकोणिसाव्या शतकात जगातला सगळ्यात मोठा लोण्याचा बाजार याच टेकाडावर होता. केरी आणि कॉर्कच्या डोंगरातून घोड्यांवर, गाड्यांवर लाकडी पिंपं लादून शेतकरी इथं यायचे. ज्या वाटांनी यायचे त्यांना अजून लोण्याचे रस्ते म्हणतात. पिंपाला फर्किन म्हणत, एकात ५६ पौंड लोणी, म्हणजे साधारण पंचवीस किलो. समोरच एक गोल इमारत आहे, तिथं रिकाम्या पिंपांचं वजन व्हायचं. आता तिथं नाच शिकवतात. तपासनीस पिंपात गिरमिटासारखी लांब पोकळ सळई घालून तळापर्यंतचं लोणी उपसून काढायचा, वास घ्यायचा, बोटांनी चोळायचा, चाखायचा आणि प्रत ठरवून पिंपावर शिक्का मारायचा. ती सळई काचेआड पाहिली आणि मला गलबलून आलं. वर चांगलं आणि खाली पाणी, हा धंदा जगभर एकच. फॅटच्या यंत्राआधी आमच्याकडं लॅक्टोमीटर होता, यांच्याकडं नाक होतं.

हे लोणी वेस्ट इंडिजपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जायचं, विषुववृत्ताच्या उन्हातून, शिडाच्या जहाजांत. टिकायचं कसं? मिठानं. भरपूर मीठ, आणि पिंपात ठासून भरणं. कोपऱ्यात हजार वर्षांपूर्वीचं दलदलीत पुरलेलं लोणी ठेवलं आहे, ती त्याहून जुनी युक्ती. आपल्याकडं याच अडचणीला उत्तर म्हणून बायकांनी लोणी कढवलं आणि पाणीच काढून टाकलं. मी हे हिला समजावून सांगू लागलो, तर ती म्हणाली, "लोणी कढवलं बायकांनी, आणि व्याख्यान तुम्ही देताय."

पण एका फलकाशी ती स्वतःच थांबून राहिली. ज्या घरांत हे लोणी व्हायचं, तिथं ते खाल्लं जात नव्हतं. जमीन जमीनदाराची. लोणी विकून खंड भरायचा, आणि घरात बटाटा आणि ताक. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, सुमारे दहा लाख माणसं गेली, आणि त्या वर्षांतही या बंदरातून लोणी बाहेर जातच होतं. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या घरी दोन म्हशी होत्या. दूध सगळं डेरीला. आम्ही भावंडं कोरा चहा प्यायचो." मला हे लग्नाला बेचाळीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं. म्हणजे कोरा चहा तिला आवडतो, एवढंच माहीत होतं. तिच्या माहेरच्या डेरीवर मी किती वेळा गेलो असेन, आणि पोरांच्या घशात गेलं नाही ते दूध मोजून कमी फॅट लावली असेल.

बाजार १९२४ ला बंद झाला. डेन्मार्कचं कमी मिठाचं लोणी आलं, मार्गारीन आलं, यंत्रावर साय काढणाऱ्या डेऱ्या निघाल्या, आणि पिंपातलं खारट लोणी कोणाला नकोसं झालं. डेऱ्या पुढं शेतकऱ्यांनी सहकारी केल्या. पहिली १८८९ ची. तिथं मात्र मी छाती जरा फुगवून उभा राहिलो.

तिथून नदीच्या कडेकडेनं पश्चिमेकडं चालत गेलो. पाऊस आला, गेला, पुन्हा आला. इथला पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, नातेवाइकासारखा सारखा डोकावून जातो. वाटेत डॅलीज ब्रिज, १९२७ चा पादचाऱ्यांचा झुलता पूल. मधोमध पाय आपटले की तो हलतो, म्हणून सगळे त्याला शेकी ब्रिज म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्याची दुरुस्ती निघाली तेव्हा गावाला एकच काळजी होती, दुरुस्तीत त्याचं हलणं जाणार तर नाही? ते जाऊ न देता २०२० च्या अखेरीस पूल पुन्हा उघडला. मी मधोमध दोन उड्या मारल्या. हिनं कठडा धरला आणि मराठीत जे काही म्हणाली ते समोरून येणाऱ्या सायकलवाल्यालाही कळलं असावं.

पलीकडच्या बागेत बाकावर डबा उघडला. शेजारी एक म्हातारबाबा बसले होते, कुठले म्हणून विचारलं. इंडिया म्हटल्यावर त्यांनी आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं नाव काढलं. वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, आमच्याकडून घाट उतरलं की पुढं, असं मी सांगितलं. मग ते गंभीर होऊन म्हणाले, या बागेतल्या संग्रहालयात मॅकस्विनीचं पाहा. टेरेन्स मॅकस्विनी, १९२० साली या गावचे महापौर. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून गेले. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांचे साथी जतीन दास असंच उपोषण करून गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी तार पाठवून दुःख कळवलं होतं. म्हातारबाबांना जतीन दास माहीत नव्हते. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

विद्यापीठात फार वेळ नव्हता. जॉर्ज बूल इथला गणिताचा पहिला प्राध्यापक, लेकीच्या पोटापाण्याची एक-शून्याची भाषा त्याच्याच तर्कातून निघाली. १८६४ साली तो पावसात भिजत चालत आला, ओल्या कपड्यांनीच शिकवलं, आजारी पडला आणि गेला. हे ऐकून हिनं माझ्या डोक्यावर छत्री धरली. दगडी ओवरीत ओघम लिपीचे शिलालेख उभे आहेत, दीड हजार वर्षांपूर्वीचे. दगडाच्या कडेवर नुसत्या आडव्यातिरक्या रेघा, खालून वर वाचायच्या. बहुतेकांवर लिहिलेलं काय, तर अमका, अमक्याचा मुलगा, अमक्या कुळातला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. रेशन कार्डावर असतं तेच.

चारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पाळणाघराच्या दाराशी हजर. नातू आमच्याकडं बघून हसला नाही, एका लाल गाडीकडं बोट दाखवत राहिला.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "यादीतलं काय काय झालं?" ही म्हणाली, "काही नाही," आणि लोणी कढवायला घेतलं. घरभर तो वास सुटला, खिडक्या उघडायच्या आत छतावरचा धुराचा अलार्म बोंबलला, जावई टॉवेल हलवत खुर्चीवर चढले. तूप गाळलं. बेरी वाटीत काढून तिनं चिमूटभर तोंडात टाकली आणि माझ्याकडं पाहिलं.

मी कचऱ्यातून पुड्याचं वेष्टन काढून वाचलं. 'सॉल्टेड'.

"हयात दुधात गेली म्हणे," ती म्हणाली, आणि वाटी मधोमध ठेवून पलीकडं बसली. खारट बेरी आम्ही दोघांनी चमच्यानं खरवडून संपवली, वर कोरा चहा घेतला.