क्रेडिट कार्ड फ्रॉड, दुधाचं कॅलेंडर आणि माझे ८३ दिवस

रविवारी सकाळी साडेसहाला दूध तापत ठेवलं, फोन चार्जरवरून काढला तर तीन एसएमएस. रात्री २.१२ ला ८७ रुपये, २.१४ ला २९,९४० आणि २.१५ ला परत २९,९४०. सगळं डॉलरमधलं, कुठल्यातरी परदेशी साईटवर, नाव वाचूनही काही कळेना. मला आधी वाटलं आमच्या दहावीतल्या चिरंजीवांनी गेम घेतला, बिचाऱ्याला झोपेतून उठवून बोलून पण घेतलं. तो डोळे चोळत म्हणाला, "आई, तो ८७ चा बघ, कार्ड चालतंय का ते चेक केलंय त्यांनी." तोवर दूध उतू गेलं ते वेगळंच.

ओटीपी आलाच नव्हता. मला वाटायचं ओटीपी कुणाला सांगितला नाही म्हणजे आपण सेफ, पण ओटीपीची सक्ती आपल्याकडच्या व्यवहारांना, परदेशी साईटने मागितलाच नाही तर नुसता नंबर, एक्स्पायरी आणि कार्डामागच्या तीन आकडी सीव्हीव्हीवर काम होतं. आणि माझ्या कार्डावर इंटरनॅशनल, म्हणजे परदेशी व्यवहारांची सोय, ऑन होतं, कारण मागच्या वर्षी सिंगापूरचं हॉटेल बुक करताना मीच केलेलं आणि परत बंद करायचं डोक्यातच नाही. खरं तर २०२० पासून नवीन कार्डावर हे बंदच असतं, आपणच उघडतो.

आधी अ‍ॅपवरून कार्ड ब्लॉक केलं, मग कार्डाच्या मागचा नंबर लावला. (नवरा गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला लागलेला, त्याच्या हातातून फोन काढून घेतला, तिथे खोटे नंबर पडलेले असतात.) एक दाबा, चार दाबा, पंधरा मिनिटं गाणं, मग एक मुलगी आली आणि पहिला प्रश्न, "मॅम, ओटीपी शेअर केला होता का?" नाही म्हटलं, आलाच नाही. तर म्हणे आज संडे आहे, फ्रॉड टीमशी उद्या बोला. म्हटलं उद्याचं उद्या, आत्ता तक्रार नंबर द्या. हाताशी कागद नव्हता म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहिला, जिथे मी दुधाचे खाडे लिहिते, १४ तारखेच्या चौकोनात. नंबर आणि वेळ, ७.०५.

त्या वेळेवरच पुढे सगळं अवलंबून होतं हे नंतर कळलं. आमच्या ऑफिसातल्या एका सरांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर पाठवलं. त्यात सरळ लिहिलंय, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्यानेच कुणीतरी केलंय आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाही येत नाही. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ५ लाखांपर्यंत लिमिटच्या कार्डाला जास्तीत जास्त १०,००० तुमचे, त्याच्या वरच्या लिमिटला २५,०००. सात दिवस उलटले की बँकेची पॉलिसी. आणि ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

त्याच दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला पण फोन केला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, म्हणाला पैसे परदेशी मर्चंटकडे गेलेत म्हणजे बँकेकडूनच सुटेल, पण तक्रार नोंदवून ठेवा. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉट चढवले, त्याची पोच बँकेला मेल केली. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म म्हणजे एक नमुनाच, त्यात पासपोर्टची सगळी पानं मागितलेली! ऑनलाइन झालेल्या व्यवहाराला मी कुठे गेले होते याच्याशी काय घेणं देणं, पण वाद घालत नाही बसले, वॉशिंग मशीनवर पासपोर्ट ठेवून नवऱ्याने एकेक पानाचे फोटो काढले.

नवव्या वर्किंग डेला पैसे तात्पुरते जमा झाले, नियमात दहा दिवस आहेत. पण त्याआधीच बिल आलं होतं, त्यात ही रक्कम होतीच, आणि कस्टमर केअर म्हणे पूर्ण भरा नाहीतर लेट फी लागेल. मी किराणा आणि पेट्रोलचं माझं तेवढं भरलं आणि मेल टाकला की वादातली रक्कम भरलेली नाही. तेव्हा छातीत धडधडत होतं खरं, क्रेडिट स्कोर जातो की काय म्हणून.

मधेच एक फोन आला, "मॅडम तुमचा रिफंड प्रोसेस करतोय, एक अ‍ॅप डाउनलोड करा म्हणजे स्क्रीन दिसेल." म्हणजे चोराच्या मागून दुसरा चोर. त्याला माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे माहिती होते, हे मला आजही कळलेलं नाही कसं.

आणि मग ५२ व्या दिवशी बँकेचा मेल, व्यवहार सिक्युअर्ड (म्हणजे त्यांच्या मते ओटीपी टाकून झालेला) होता म्हणून क्रेडिट परत घेत आहोत. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. रात्री परत ते सर्क्युलर उघडलं, त्यात आहे की ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं. तेवढंच वाक्य कॉपी केलं, खाली विचारलं की ओटीपी कधी, कोणत्या नंबरवर पाठवला आणि कुणी टाकला याचा रेकॉर्ड द्या, आणि नोडल ऑफिसरला, म्हणजे बँकेतल्या तक्रारींच्या वरच्या अधिकाऱ्याला, पाठवलं. सोबत कॅलेंडरच्या पानाचा फोटो, दुधाच्या खाड्यांसकट. शेवटी लिहिलं की तक्रार करून ३० दिवस कधीच होऊन गेलेत, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. रेकॉर्ड काही आला नाही. ८३ व्या दिवशी पैसे मात्र आले, कायमचे.

आता इंटरनॅशनल बंद, टॅप करून पैसे जाणारं पण बंद (त्यात ५,००० पर्यंत पिन लागत नाही), ऑनलाइनचं लिमिट १०,०००. फ्रिज घेताना दुकानात उभं राहून लिमिट वाढवत बसले तेव्हा नवरा हसत होता, हसू दे.

एक राहिलंच. परत आले ते फक्त मूळ पैसे, वरचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या व्यवहारावर बँक लावते तो आकार) आणि त्यावरचा जीएसटी मिळून अडीच हजाराच्या आसपास तसेच अडकलेले. मार्कअप दोन मेलनंतर आला. जीएसटीचे ३७८ अजून यायचेत, काल तिसरा मेल टाकलाय.