कॅम्पसवरची फुलपाखरं: सप्टेंबर अपडेट (टाकळा वाचला!)

मंडळी, पावसाळ्याचा अपडेट द्यायला उशीर झालाय, पण यावेळी सांगण्यासारखं बरंच आहे. ग्रुपवर नवीन आलेल्यांसाठी, मी खारघरला डोंगराच्या पायथ्याशी एका विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते आणि जेवणाच्या सुट्टीत कॅम्पसवर फुलपाखरं बघत फिरते.

मोठी बातमी म्हणजे मागच्या गेटजवळची गवताची पट्टी यंदा कापली नाही. दरवर्षी काय व्हायचं, 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी सगळं चकाचक पाहिजे म्हणून ब्रश कटर लावून गवत पार जमिनीलगत उडवायचे, आणि नेमका तेव्हाच टाकळा गुडघाभर झालेला असतो, तोच हो, पहिल्या पावसानंतर ज्याची भाजी आपण खातो तो, आणि त्यावर कॉमन ग्रास यलो नि मॉटल्ड एमिग्रंट या फुलपाखरांच्या अळ्या बसलेल्या. सगळं एका दुपारी साफ.

इस्टेट विभागाशी बोलले तेव्हा तीन आक्षेप आले: साप येतील, डेंग्यू होईल, आणि पाहुण्यांना जंगल वाटेल. डेंग्यूचं सोपं होतं, तो डास साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, गवतावर नाही, त्यामुळे गच्चीवरची ताडपत्री आणि एसीखालच्या बादल्या आधी बघा म्हटलं. सापांसाठी हॉस्टेल आणि पायवाटेलगत कापलेली मोकळी जागा ठेवायची असं ठरलं. तिसऱ्याचं उत्तर मात्र आमच्या माळीमामांनी दिलं, "मॅडम, कड सरळ कापून देतो नि एक बोर्ड लावू, मग कोण काय बोलत नाय." आणि खरंच कोणी बोललं नाही! कडेला दोरी लावल्यागत रेघ मारली की आतलं रान मुद्दाम ठेवलंय असं लोकांना आपोआप वाटतं. तुमच्या कॉलेजात किंवा सोसायटीत करून बघा, फुकट आहे.

आता टाकळ्यावर काय दिसलं ते. ग्रास यलोची मादी पानावर बसते, पोट वाकवते आणि एकच अंडं उभं चिकटवून निघून जाते, पांढरं, टोकदार, तांदळाच्या कणीसारखं. अळी हिरवीगार, बाजूने फिकट रेघ, पानाला अशी चिकटून पडते की फोटो झूम केल्यावरच कळतं. आता शेंगा धरल्यात, गवत बियांवर आलंय आणि ठिपकेवाल्या मुनियांचं टोळकं यायला लागलंय.

कँटीनजवळच्या आंब्यावर कॉमन बॅरन फुलपाखराची अळी आहे. ही अळी मला सगळ्यात भारी वाटते, पाठीवरची पिवळी रेघ पानाच्या मधल्या शिरेवर बरोब्बर जुळवून बसते आणि पिसासारखे काटे दोन्ही बाजूंना पसरते, की पान रिकामंच वाटतं. त्या झाडावर कीटकनाशक मारायचं होतं, मी माळीमामांना अळी दाखवली, त्यांनी पंप परत नेला. आणि हो, ड्राइव्हवेवरच्या उंच अशोकांना मी शोभेची झाडं म्हणून नाकं मुरडायचे, पण छाटणीनंतरच्या कोवळ्या पालवीवर ‘टेल्ड जे’ नावाचं फुलपाखरू अंडी घालतंय, त्यामुळे निदान सगळी रांग एकदम छाटू नका असं सांगितलंय.

वृक्षारोपणावर मी फार बोलत नाही, भांडणं होतात. 5 जूनला फोटो निघतात, गुलमोहर लागतो, पुढच्या जूनला त्याच खड्ड्यात दुसरं रोप. बहावा लावला असता तर एमिग्रंटना तरी खायला मिळालं असतं.

माझ्या मते विद्यापीठाकडे जमिनीपेक्षा मोठी गोष्ट आहे ती म्हणजे वेळ. आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या झुडपाचंच बघा, ठाण्याच्या येऊरला 2016 ला फुलली, मग थेट 2024 ला. मधल्या काळात तीन वर्षांच्या डिग्रीच्या कितीतरी बॅचेस आल्या आणि कारवी न बघताच गेल्या, पण नोंदवही तिथेच राहू शकते ना. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, 1906 पासूनचं, तिथल्या वाळवलेल्या फांदीवर तारीख-ठिकाण आहे म्हणून कुठे काय उगवायचं ते आज कळतं. म्हणून झूलॉजीच्या मुलांना पोलार्ड वॉक शिकवायला घेतलाय: ठरलेली वाट, संथ चाल, दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, तेवढ्यातलीच फुलपाखरं मोजायची. पहिल्या वर्षी आकडे बोअरच असतात, पुढच्या बॅचने तीच वाट चालली की मजा येते.

आता राहिलेली कामं. डोंगराकडच्या भिंतीवरचे फ्लडलाइट रात्रभर चालू असतात, पतंग सकाळपर्यंत भिंतीला चिकटलेले आणि बुलबुल, दयाळ उजाडताच नाश्त्याला हजर. टायमर आणि खाली तोंड केलेले दिवे मागितलेत, फाइल फिरतेय. गवत वाळायच्या आत भिंतीबाहेर जाळरेषा काढायला पाहिजे, खारघरच्या डोंगरावर वणवे लागतात हे सांगायला नको. घाणेरी मात्र एकदम उपटायची नाही असं माझं मत, तिच्या फुलांवर फुलपाखरं येतात, तेव्हा आधी दिंडा नि भारंगी ही आपली रानझुडपं रुजू देत, मग टप्प्याटप्प्याने काढू. यावर वाद घाला, चालेल.

आणि कोणाकडे सापसंदच्या वेलीला फळं धरली असतील तर बी ठेवा माझ्यासाठी, क्रिमझन रोझ फुलपाखराच्या अळ्यांसाठी कुंपणावर चढवायचीये. फक्त आपल्याकडची रानातली पाहिजे, नर्सरीतली मोठ्या फुलांची नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुठेही असाल तरी मी येऊन घेऊन जाईन.