हबलवरून स्पेस स्टेशनवर, व्हाया चांदणी चौक

परवा रविवारी बाबांना ग्रॅव्हिटी दाखवला, हबल ही अंतराळातली दुर्बीण दुरुस्त करायला गेलेल्या आणि वरच अडकलेल्या अंतराळवीरांचा सिनेमा. मी तो 2013 ला थिएटरमध्ये थ्रीडीत बघितलेला, चष्म्यावर चष्मा लावून, आणि बाहेर आल्यावर गाडी कुठल्या मजल्यावर लावलीय तेच आठवेना इतकं डोकं गरगरत होतं. आता घरचा टीव्ही, बाबा, मी आणि माझा अकरावीतला भाचा, जो फिजिक्सचा क्लास लावल्यापासून कुठलाच सिनेमा कुणाला शांतपणे बघू देत नाही.

सुरुवातीलाच बाबा उठून बसले. "अगं हा मेरा जूता है जपानी म्हणतोय!" हो, खरंच म्हणतो. शरीफ नावाचा अंतराळवीर आहे, फल्दुत शर्मा म्हणून नट आहे त्याचा आवाज, दोरीला लटकून मजेत झुलत राज कपूर गातो, आणि थोड्याच वेळात जातो, तोही सगळ्यात आधी. बाबा जाम नाराज. "आपला माणूस घ्यायचा आणि पहिला उडवायचा."

मग मी माझं ज्ञान पाजळलं. सुरुवातीचा शॉट साधारण 13 मिनिटं कट नसल्यासारखा चालतो. चेहऱ्यावर पृथ्वीचा फिरता उजेड पडावा म्हणून नायिका सँड्रा बुलकला एलईडीच्या डब्यात बसवलं होतं, 196 पॅनेल, एकेकात 4096 दिवे. ह्यूस्टनहून, म्हणजे नासाच्या कंट्रोल रूममधून, जो आवाज येतो तो एड हॅरिसचा, म्हणजे ज्याने 1995 च्या अपोलो 13 मध्ये ह्यूस्टनचाच साहेब केला होता. आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे सिनेमा 91 मिनिटांचा आहे आणि त्या उंचीवर पृथ्वीला एक चक्कर मारायला लागतात साधारण तेवढीच मिनिटं. मुद्दाम केलं की आपोआप झालं देव जाणे.

भाचा मात्र रिमोट घेऊन बसलेला. पॉज. "मावशी, हिचे केस का नाही तरंगत?" बरोबर आहे, तिथे सगळ्यांचे केस फणसासारखे उभे असतात. पॉज. ती रडते आणि अश्रू सुटून हवेत तरंगत येतो, तसं होत नाही, पाणी डोळ्यालाच गोळ्यासारखं चिकटून बसतं, क्रिस हॅडफिल्ड या खऱ्या अंतराळवीराने 2013 मध्ये स्टेशनवरून डोळ्यात पाणी घालून दाखवलंय. पॉज. सूट काढल्यावर आत बनियन आणि हाफ चड्डी, खरे अंतराळवीर आत पाण्याच्या बारीक नळ्यांचा अंगभर सूट घालतात आणि त्याच्याही आत डायपर. बाबा म्हणाले हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं.

तिचा साथीदार जॉर्ज क्लूनी तिला वाचवायला दोरी सोडतो त्या सीनवर तर चहा गार होईपर्यंत भांडण झालं. भाच्याचं म्हणणं, एकदा दोघं थांबले की ओढणारं काही उरतच नाही, दोरीला हलकासा हिसका दिला तरी तो आपणहून तिच्याकडे येईल. मी म्हटलं सगळं मिळून अजून गोल फिरत असेल तर बाहेरची ओढ राहील ना. "मग मागचे तारे फिरताना दिसायला पाहिजेत." मी गप्प.

पण खरं सांगू का, या बारीकसारीक चुकांचं मला काही वाटत नाही. उलट मूळ भीती अगदी खरी आहे. एक उपग्रह फुटला की त्याचे तुकडे दुसऱ्याला फोडणार, त्याचे तिसऱ्याला, हे नासाच्या डोनाल्ड केस्लर या शास्त्रज्ञाने 1978 मध्येच मांडून ठेवलं होतं. 2009 मध्ये अमेरिकेचा इरिडियम 33 आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस 2251 खरोखर धडकले. सिनेमात रशिया स्वतःचाच उपग्रह मिसाइलने उडवतो, ते नोव्हेंबर 2021 मध्ये रशियाने जसंच्या तसं केलं आणि स्टेशनवरच्या लोकांना आपापल्या यानात जाऊन बसावं लागलं. आपणही 2019 ला एक उडवलाय, फक्त तो बराच खाली, 300 किमीच्या आसपास होता. हां, त्या कचऱ्याने फोन, टीव्ही सगळं बंद पडतं ते मात्र काहीतरीच, आपल्या डीटीएचच्या छत्रीला सिग्नल देणारा उपग्रह 36,000 किमीवर बसलाय, हा सगळा राडा पाचसहाशे किमीवरचा.

खरी मोठी थाप वेगळीच आहे. हबल बिघडतं, शटल, म्हणजे ज्यात बसून आले ते यान, तुटतं, मग हे जेटपॅक लावून "ते बघ तिकडे स्पेस स्टेशन" करत निघतात. आता सिनेमा आला तेव्हा हबल साडेपाचशे किमीच्या वर आणि स्टेशन चारशेच्या जरासं वर, हा फरक तर किरकोळच, पण हबलची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंशांत कललेली आणि स्टेशनची 51.6 अंशांत. म्हणजे आपल्या पुण्यातला चांदणी चौक, पुलांवर पूल. आपल्याला जायचा रस्ता खाली स्वच्छ दिसतोय, पण आपण वरच्या पुलावर आणि तो भलतीकडे चाललाय, उडी मारून काय होणार. वेग सेकंदाला साडेसात किमी, पुणे-मुंबई वीस सेकंदात, आणि एवढ्या वेगात नुसती दिशा वळवायची म्हटलं तरी सेकंदाला तीनेक किमीचा धक्का लागतो. नासाने 1984 मध्ये जो जेटपॅक वापरला होता त्याची सगळी ताकद मिळून सेकंदाला 25 मीटर. म्हणजे शंभरपटीहून जास्त कमी पडतंय.

हे नासालाही चांगलंच नडलंय. 2003 मध्ये कोलंबिया हे शटल गेलं, कल्पना चावला गेली, त्यानंतर शटलला काही झालं तर स्टेशनवर आसरा घ्यायचा असं ठरलं. पण हबलवरून स्टेशनवर जाताच येत नाही ना, म्हणून 2004 मध्ये हबलची शेवटची दुरुस्ती रद्दच केली होती. नंतर ती झाली, मे 2009 मध्ये, पण अटलांटिस वर गेलं तेव्हा सोडवून आणायला एंडेव्हर दुसऱ्या लाँचपॅडवर तयार उभं होतं.

बाबांना हे काही पटेना. दोन्ही पृथ्वीभोवतीच फिरतायत ना, मग कुठेतरी भेटतीलच. म्हटलं चला गच्चीवर. कोथरूडातून आता आकाश उरलंय ते असंच, दोन टाक्यांच्या मधलं, पण ॲपमध्ये वेळ बघून गेलो आणि पावणेसातच्या सुमाराला स्टेशन आलं, सिंहगडाच्या बाजूने वर, झगझगीत, लुकलुक नाही की आवाज नाही, आणि विमानतळाच्या दिशेने तिरकं निघून गेलं. बाबा मान वर करून तसेच उभे. "आत माणसं आहेत?" आहेत.

दोन दिवसांनी हबल. ते आलं चांदणी चौकाकडूनच (खरंच, मी जुळवून आणलेलं नाही) आणि जवळजवळ सरळ पूर्वेला, हडपसरच्या रोखाने निघालं. भाच्याने दोन्ही हात आडवे धरून परवाची रेघ आणि आजची रेघ दाखवली, एकमेकींना छेद देणाऱ्या. बाबांनी मान हलवली, म्हणजे पटलं असावं. हबल अगदीच फिकट, बोट दाखवूनही पटकन सापडेना असं, आणि हडपसर यायच्या आधी पृथ्वीच्या सावलीत शिरून विझलंसुद्धा.

बाबा जिना उतरता उतरता म्हणाले, "एवढा मंद दिवा? मग ती बाई दुरुस्त करायला गेली होती ते बरोबरच आहे."