वर्तुळं मोजून झाली, आता पांढर शोधतोय

मागच्या नोंदीत बरडावरच्या शिलावर्तुळांची, म्हणजे जुन्या दफनांभोवती गोल रचलेल्या मोठ्या दगडांची, मापं दिली होती. या वेळी वर्तुळं थोडी बाजूला ठेवली आहेत. एवढाले गोटे ओढून आणून ज्यांनी रचले ती माणसं राहत कुठे होती, हा प्रश्न पावसाळाभर डोक्यात होता. दिवाळीनंतर पऱ्हाटीची पहिली वेचणी झाली, सोयाबीनची वावरं मोकळी झाली, तसा मी त्यांची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची फिकट मातीची जागा, शोधायच्या मागे लागलो. गाव पेंचच्या खोऱ्यात, पारशिवनीकडे आहे. याहून नेमकं लिहीत नाही. गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक अशा नोंदी वाचतात आणि एका रात्रीत वर्तुळाच्या पोटात खड्डा पाडून जातात. असे खड्डे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहेत.

विदर्भातल्या महापाषाणीय काळाचा, म्हणजे मोठे दगड रचून दफनं करणाऱ्या लोहयुगातल्या लोकांचा, अभ्यास वर्तुळांपासून सुरू झाला आणि बराच काळ तिथेच राहिला. वर्तुळ उघड्यावर असतं, डोळ्यांत भरतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटची वर्तुळं पाहायला गेले होते. तिथून परतताना ४ सप्टेंबरला पुराच्या नाल्यात बुडून ते गेले. १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने नागपूरजवळच्या जुनापाणीची काही वर्तुळं उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. त्या काळच्या लिखाणात दगडांची मापं येतात, लोखंडी हत्यारं येतात, दगडांवरचे वाटीसारखे खळगे येतात. मेलेल्यांची व्यवस्था बारकाईने दिसते, पण जिवंत माणसांची चूल, गोठा, पाण्याची वाट कुठे होती हे विचारायचं राहून गेलं.

टाकळघाटच्या वस्तीवर कुदळ पडायला १९६८-६९ उजाडलं. नागपूर विद्यापीठाकडून पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं, तेव्हा टाकळघाटला राहत्या वस्तीचे थर आणि खापाकडे वर्तुळातली दफनं, अशी दोन्ही अंगं एकत्र समोर आली. हिस्लॉप गेले त्याला तोवर शंभर वर्षं उलटून गेली होती. नंतर पारशिवनीकडच्याच नायकुंडला देव आणि अरविंद जामखेडकर यांनी १९७७ ते १९८० या काळात खणलं, तर वस्तीच्या बाजूला लोखंड गाळायची भट्टीच निघाली : वक्र विटांची, गोल, हवा घालायच्या मातीच्या नळ्यांसकट. इसवी सनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासची. दफनांत मिळणाऱ्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर कुठून आले याचं उत्तर वर्तुळात नव्हतं, वस्तीत होतं. मला नायकुंडचं महत्त्व यासाठीच वाटतं. नाहीतर आपण अजूनही या लोकांना नुसतं ‘दफनं करणारे’ म्हणूनच ओळखत राहिलो असतो.

शोधायला सुरुवात कागदावरून केली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५५ ओ मालिकेतल्या नकाशावर नाले आणि बरड नीट कळतात. त्यावर महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावरचा गावनकाशा ठेवून पाहिला. आमच्या वर्तुळांच्या खाली एक नाला आहे, आणि नाल्यापलीकडे मौजा बदलतो. या दुसऱ्या मौज्यात एकही घर नाही. सगळे त्याला रिठी म्हणतात. नागपूरकडे अशा कितीतरी रिठ्या आहेत : नाव आहे, शीव आहे, गट क्रमांक आहेत, गाव नाही. गावात सांगतात की मरीची साथ आली आणि गाव उठलं. मालगुजारीच्या काळातल्या जमीन-बंदोबस्ताच्या (महसूल ठरवण्याच्या) कागदांची नक्कल मिळाली, तर तेव्हाही तो मौजा ओसाडच लिहिलेला. म्हणजे उठलेलं गाव लोक समजतात त्यापेक्षा जुनं आहे. गाव का उठलं ते कागदात येत नाही. पण ज्या जागी एकदा वस्ती बसली ती जागा पाणी, निवारा, काळी जमीन बघूनच निवडलेली असते, आणि तशी जागा वेगवेगळ्या काळातल्या लोकांना पुन्हा पुन्हा पटते. म्हणून रिठी शोधली की त्याखाली आणखी जुनं काही असण्याची शक्यता बरीच वाढते, हा माझा आडाखा आहे.

वर्तुळांच्या वावराचे मालक वयस्क काकाजी आहेत. गोट्यांना त्यांनी आजवर हात लावू दिला नाही, धुराही वळवून घातला. त्यांना विचारलं तर म्हणाले, “हे गवळ्यायचे गोटे होत, भाऊ. आमचा आजाबी असंच सांगे.” गवळ्यांचं हे नाव जुन्या इंग्रजी लिखाणातही येतं, तेव्हा ही आठवण निदान दीडशे वर्षं तरी टिकून आहे. मग ते म्हणाले, “पण तुमी इकडंच काहून फिरता? तिकडं पांढरीत जा ना. पानी आला का मनी निंगतेत तिथं.”

पांढर नाल्याच्या पलीकडच्या काठावर, काळी जमीन सुरू होते तिथे आहे. वर्तुळांपासून सरळ रेषेत साधारण ६०० मीटर. मातीच्या भिंती विरघळून, राख आणि शेण मुरून जमिनीला जो फिकट रंग येतो तो लांबूनही ओळखू येतो. वाईट एवढंच की घरं लिंपायला, धाब्यावर घालायला पिढ्यानपिढ्या तिथलीच माती नेली आहे, त्यामुळे टेकाडाचा एक कोपरा खचून माणसाच्या उंचीची कड उभी राहिली आहे. त्या कडेत थर वाचता येतात. वरच्या हातभर भागात विटांचे तुकडे आणि काचेच्या बांगड्या आहेत. त्याखाली राखेचा पट्टा, मग चोपलेल्या जमिनीची बारीक रेघ, आणि अगदी तळाशी खापरं दाटीने अडकलेली. कड खरवडली नाही, काही उपटून काढलं नाही. पावसाने खाली पडलेलं होतं तेवढंच पाहिलं.

त्यातलं एक काठाचं खापर नीट सांगतो. तळहातावर मावेल एवढं. आतून कुळकुळीत काळं, गुळगुळीत. तो काळा रंग काठावरून बाहेर बोटभर उतरतो आणि तिथून पुढे तांबडा सुरू होतो. दोन रंगांची सीमा सरळ नाही, वरखाली होत गेली आहे. भांडं उपडं ठेवून भाजलं की आत आणि तोंडाशी हवा पोचत नाही, तेवढा भाग काळा राहतो. बाहेर हवा लागते तिथे माती तांबडी होते. सीमा जिथे वर चढली आहे तिथे आवा (भांडी भाजायची रास) जरा मोकळा रचला गेला असावा. तुटलेल्या कडेला भिंग लावलं तर एकाच जाडीत आतला अर्धा काळा आणि बाहेरचा अर्धा लाल दिसतो. शेजारी दुसऱ्या प्रकारची तांबडी खापरं होती, ती उन्हात धरली की अभ्रकाचे कण चमकतात. अशी अभ्रकाची तांबडी भांडी विदर्भातल्या महापाषाणीय स्थळांवर नेहमी भेटतात, म्हणून त्यांच्याकडे मी जास्त आशेने पाहतो. नुसत्या काळ्या-तांबड्या खापरावर भिस्त ठेवू नका; तो प्रकार पुढे सातवाहन काळापर्यंत चालू राहतो.

नाल्याच्या बाजूला लोखंडाच्या मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या गाळाचे, जड, भोकाभोकांचे गोळे मिळाले. इथे मी घाई करणार नाही. मळी कोणत्याही काळातल्या लोहाराची असू शकते, आणि पृष्ठभागावर पडलेल्या मळीला थर नसतो. नायकुंडसारख्या हवेच्या नळीचा तुकडा किंवा वक्र विटेचा तुकडा जवळपास दिसला तर गोष्ट वेगळी होईल. अजून दिसलेला नाही. काकाजींनी म्हटलेले मणीही अजून माझ्या दृष्टीस पडले नाहीत. ते पहिल्या पावसानंतर पाहायचे. नागपूरजवळच्या माहुरझरीला मणी घडवण्याचं केवढं मोठं काम चालत होतं हे ठाऊक असल्यामुळे इथे अर्धवट घडवलेला, भोक न पाडलेला एखादा मणी दिसतो का, यावर माझं लक्ष राहील. तसा मिळाला तर काम इथेच चालत होतं असं म्हणता येईल. पूर्ण झालेला मणी बाजारातूनही येतो.

प्रत्येक वस्तूचा मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएस, आणि वस्तू परत होती तिथेच. सगळ्या नोंदी नकाशासह राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला पाठवल्या आहेत. त्यात माती खणणं थांबवण्याची विनंतीही आहे, कारण आणखी काही पावसाळ्यांत ती कड राहणार नाही. सरपंचताईंशीही बोललो. लिंपायची माती दुसरीकडून घ्यायला त्यांची हरकत नाही, जागा तेवढी दाखवायची आहे.

वर्तुळांचं थोडं : सर्वांत मोठ्याचा व्यास १४ मीटर, सर्वांत लहान ८.५ मीटर. दोन दगडांवर खळगे आहेत. तिरप्या उन्हात, सकाळी लवकर पाहिले तरच ते नीट दिसतात, दुपारी पुसल्यासारखे होतात. जुनापाणीला खळग्यांचे दगड वर्तुळात ठरावीक दिशांनाच आढळल्याचा अभ्यास झाला आहे. त्यामुळे दोन्ही दगडांची दिशा वर्तुळाच्या मध्यातून होकायंत्राने घेऊन ठेवली. दोन दगडांवरून काही सिद्ध होत नाही, पण ओळीने अनेक ठिकाणच्या दिशा जमल्या तर बोलता येईल.

आता उमरेड, कुही, हिंगणा, समुद्रपूर भागात फिरणाऱ्यांकडून एक गोष्ट हवी आहे. तुमच्याकडे वर्तुळं नोंदलेली असतील तर त्यांच्याभोवती एक-दीड किलोमीटरच्या आत पांढर किंवा रिठी आहे का ते पाहा, आणि वर्तुळं व पांढर यांच्यामध्ये नाला येतो का तेही लिहा. अंतर, दिशा, जमीन बरड की काळी, आणि खळग्यांचा दगड असल्यास त्याची दिशा कळवा. सरासरी नको, प्रत्येक जागेचा वेगळा आकडा द्या. जिथे शोधूनही पांढर मिळाली नाही ती जागासुद्धा यादीत हवी.