यादीतलं सातवं नाव

"या यादीतलं कुणी आर्थिक अडचणीत आहे का?"

"नाही."

"खात्री आहे?"

"पूर्ण खात्री आहे."

एवढंच बोलणं झालं. त्याला आता पाच महिने होतील. त्या दिवशी सकाळी साडेतीन तास मी जे काम केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो, पण रात्री जाग आली की आठवतात ती दुपारची ही चार वाक्यं.

गेली नऊ वर्षं मी संगणकांतल्या घुसखोरीचा तपास करते. चोर कुठून शिरला, कुठे कुठे फिरला, काय घेऊन गेला, हे मागे राहिलेल्या नोंदींवरून काढायचं. कंपन्यांसाठी हे काम करताना एक गोष्ट कायम सलते. यंत्रं पुसून पुन्हा चालू झाली की मालकाला पुढचं काही जाणून घ्यायचं नसतं आणि तपास ऐन रंगात आलेला असताना बंद होतो. गुप्तचर संस्थेत याच कामाची जागा निघाली, तेव्हा मला वाटलं, इथे तरी शेवटपर्यंत जाता येईल. संस्था कोणती, इमारत कुठे, हे लिहिणार नाही. तसा शब्द दिला आहे. चाचणीतले काही तपशीलही बदलले आहेत. मैत्रिणीबद्दलचा मजकूर तिला आधी वाचून दाखवला आहे.

अर्ज केल्यापासून बोलावणं येईपर्यंत आठ महिने गेले. बाहेरच्यांना वाटतं की अशा नोकरीत कठीण भाग चाचणीचा असतो. खरं कष्टाचं काम पार्श्वभूमीच्या फॉर्मचं. गेल्या दहा वर्षांत राहिलेल्या प्रत्येक घराचा पत्ता, आणि तुम्ही तिथे राहत होता हे सांगू शकेल अशा एका माणसाचं नाव. प्रत्येक परदेश प्रवास, प्रत्येक बँक खातं, प्रत्येक कर्ज, घरच्यांच्या जन्मतारखा. शेवटी जवळच्या लोकांची यादी. माझ्या यादीत अकरा नावं होती आणि सातवं माझ्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीचं. 'तुझं नाव देतेय' एवढं मी तिला मेसेज करून कळवलं होतं. तिने अंगठा पाठवला. आमच्या व्यवसायात याला संमती म्हणत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं.

सकाळी एका बंद खोलीत, इंटरनेट नसलेल्या संगणकावर, चार तासांच्या नेटवर्क रहदारीची नोंद दिली. सोबत फायरवॉलचे, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरच्या पहारेकऱ्याचे, आणि एका सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्यांनी आपोआप लिहिलेल्या नोंदी. काय घडलं ते शोधा आणि अर्ध्या पानात लिहा. पहिली पंचवीस मिनिटं घड्याळांतच गेली. फायरवॉल यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहीत होता, सर्व्हर स्थानिक वेळेत, आणि वर सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. प्रत्यक्ष कामातही हेच होतं. यंत्रांची घड्याळं जुळवून ठेवायला एनटीपी कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे, तरी मला अशी संस्था क्वचितच भेटली जिथे सगळी घड्याळं एक वेळ दाखवतात. क्रम चुकला की सगळा तपास चुकतो. ही मेहनत अहवालात कधी दिसत नाही आणि तिचं श्रेयही कुणी देत नाही.

घड्याळं जुळल्यावर एक यंत्र डोळ्यांत भरलं. ते एकाच डोमेनखालच्या नावांचे पत्ते डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, सतत विचारत होतं, आणि प्रत्येक नावाचा पहिला तुकडा जवळजवळ ६३ अक्षरांचा. डीएनएसमध्ये दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही. माणसाने ठेवलेलं नाव त्या मर्यादेला सहसा भिडत नाही. भिडतं ते कुणीतरी गच्च भरलेलं पोतं. शिवाय त्यात a ते z आणि २ ते ७ एवढीच चिन्हं होती, म्हणजे बेस-३२, कुठलीही फाइल ३२ साध्या चिन्हांत लिहून काढायची पद्धत. डीएनएस लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे लहान-मोठी दोन्ही अक्षरं वापरणारं नेहमीचं बेस-६४ तिथे चालत नाही. हे माहीत असलेल्या माणसाने ही वाट आखली होती. मी तुकडे क्रमाने जोडले, उलगडले, आणि पहिल्याच ओळीत झिप फाइलच्या सुरुवातीची PK ही दोन अक्षरं दिसली. अशा क्षणी अंगावर काटा येतो, अजूनही. पत्ता विचारण्याच्या निमित्ताने कुणीतरी कपाट रिकामं करत होतं.

मग तिघांच्या पॅनेलसमोर बसले. त्यांनी त्याच हल्ल्यातली एक फाइल दाखवून विचारलं, "हे कुणाचं काम?" फाइलमध्ये एका विशिष्ट भाषेचे शब्द होते आणि ती तयार झाल्याची वेळ त्याच देशाच्या कार्यालयीन तासांत बसत होती. मी म्हणाले, एवढ्यावरून सांगता येणार नाही. शब्द कुणीही पेरू शकतो, वेळेचा शिक्का बदलणं तर दोन मिनिटांचं काम. पुन्हा विचारलं. मी २०१८च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकचं उदाहरण दिलं. उद्‌घाटनाच्या वेळी तिथली यंत्रणा ज्या 'ऑलिंपिक डिस्ट्रॉयर' या घातक प्रोग्रामने पाडली, त्याच्या फाइलमधला 'रिच हेडर', म्हणजे फाइल कोणत्या साधनांनी बनवली याची आपोआप उमटणारी खूण, उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लॅझरस गटाच्या हत्यारांशी तंतोतंत जुळत होता. कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा तो हेडर प्रत्यक्ष फाइलशी विसंगत निघाला, संशय दुसरीकडे जावा म्हणून चिकटवलेला. २०२०मध्ये अमेरिकेने त्या प्रकरणात आरोप ठेवले ते रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांवर. तिसऱ्यांदा विचारलं, जरा चढ्या आवाजात. मी म्हणाले, "ही भाषा येणारा किंवा ती येते असं दाखवू पाहणारा कुणीतरी. याच्या पुढे माझ्याकडे पुरावा नाही." पॅनेलमधल्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. चांगलं पॅनेल होतं. त्यांना काम कळत होतं, आणि हे मी फार कमी मुलाखतींबद्दल म्हणू शकते.

दुपारची खोली वेगळी होती. एक मध्यमवयीन अधिकारी, समोर माझा फॉर्म, कडेने पेन्सिलीच्या खुणा. अत्यंत सभ्य माणूस. दोन तास त्यांनी माझं आयुष्य माझ्यासमोर वाचलं. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की मी काय काय लिहून दिलंय, आणि मनात २०१५ सालचं अमेरिकेतलं प्रकरण आलं. तिथल्या केंद्रीय कर्मचारी कार्यालयातून अशाच पार्श्वभूमी तपासणीच्या नोंदी चोरीला गेल्या. २ कोटी १५ लाख लोकांच्या, आणि ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसेही. त्यातल्या १८ लाख लोकांनी स्वतः कसलाच अर्ज केला नव्हता. बहुतेक जण अर्जदारांचे नवरे, बायका, जोडीदार. प्रशिक्षणात हा आकडा मी दर वेळी फळ्यावर लिहिते. स्वतःचा फॉर्म भरताना तो मला एकदाही आठवला नाही.

मग कर्जाचा प्रश्न आला. तो का विचारतात ते मला समजतं. अमेरिकेच्या सीआयएमधला ऑल्ड्रिच एम्स १९८५मध्ये सोव्हिएत वकिलातीत माहिती विकायला गेला तो कर्जात बुडाल्यामुळे, आणि त्यानंतर १९८६ आणि १९९१ अशा दोन पॉलिग्राफ चाचण्या पार करून १९९४पर्यंत मोकळा राहिला. खोटं पकडणाऱ्या यंत्रापेक्षा बँकेचा उतारा जास्त बोलतो, हे त्या संस्था तेव्हा शिकल्या असाव्यात. प्रश्न योग्यच होता. उत्तर माझं चुकलं. सकाळी एका फाइलबद्दल तीनदा विचारूनही मी हातातल्या पुराव्यापलीकडे एक पाऊल टाकलं नाही, आणि दुपारी अकरा जिवंत माणसांच्या पैशांबद्दल, ज्यांचा हिशोब मी कधी पाहिलेला नाही, 'पूर्ण खात्री' म्हणून मोकळी झाले. अधिकारी म्हणाले, "ठीक आहे," आणि सातव्या नावाशेजारी एक बारीक खूण केली. मला ती दिसली होती. मी तिचा अर्थ लावला नाही.

तीन महिन्यांनी दोन ओळींचं पत्र आलं. निवड झाली नाही, कारण कळवता येणार नाही. या पद्धतीवर माझा राग आहे. कारण न सांगण्यामागचं कारण समजतं, पण अकरा महिने थांबलेल्या माणसाला एवढंही कळू नये की तो कामात कमी पडला की आणखी कशात? मी लोकांना कारण सांगूनच नाकारते, तेही लेखी.

मैत्रिणीचा फोन आला तो गेल्या महिन्यात, वेगळ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या त्या लोकांचा माणूस भेटून गेला होता. तुझ्या मुलाखतीच्या आधीच." मग थोडं थांबून तिने सांगितलं की नवऱ्याचा धंदा बुडाल्यापासून दीड वर्ष तिच्या डोक्यावर मोठं कर्ज आहे. त्या माणसाने सरळ विचारलं आणि माझ्या कामात खोटं बोलायला नको म्हणून तिने सगळं सांगून टाकलं. किती, कुणाचं, किती हप्ते थकले. घरात तिच्या आईलाही तोवर माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू विचारलंस कुठे?"

माझी निवड तिच्या कर्जामुळे अडली असं मी म्हणणार नाही. पुरावा नाही. माझं उत्तर तिच्या उत्तराशी जुळलं नाही, एवढंच मला माहीत आहे. त्यांनी ते खोटेपणा मानलं की अज्ञान, की मोजलंच नाही, हे त्या फाइलमध्ये असेल. मला छळतं ते दुसरंच. जे ती जवळच्या कुणालाही सांगू शकली नव्हती, ते तिला एका अनोळखी माणसासमोर सांगावं लागलं, आणि त्याचं निमित्त मी होते, एका मेसेजने आणि एका अंगठ्याने.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "मी सांगितलेलं त्यांच्याकडून काढून टाकता येतं का गं? तुला माहीत असेल." त्याच रात्री मी संस्थेला लिहिलं: अर्ज संपला आहे, सातव्या नावासंबंधीची नोंद पुसावी. चौथ्या दिवशी पोच आली. त्यात अर्जाचा क्रमांक होता आणि नोंदी नियमानुसार जतन केल्या जातात असं एक वाक्य. किती वर्षं, ते लिहिलेलं नव्हतं. मी पुन्हा पत्र पाठवलं आहे आणि या वेळी तेवढं एकच विचारलं आहे.