हरिपूरची पेवं, किटलीतला चहा आणि दुसरा खर्डा

मंडळी, हरिपूरच्या गोष्टीचा दुसरा खर्डा एकदाचा हातावेगळा झालाय. साधारण ३८ हजार शब्द भरतात, पहिला पन्नासच्या पुढं गेला होता, आणि जे कापलं ते सगळं माझ्या लाडाचं होतं, त्यामुळं ही नोंद जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. माझं माहेर सांगलीला लागून असलेलं हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. आबा म्हणजे माझे आजोबा तिथं हळदीच्या पेवांवर मुकादम होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली पोट सुटलेलं. कडेनं पालागवत लावून हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं, मग आत हवा नाही म्हणून कीड नाही, भाव येईपर्यंत माल निवांत पडून. हरिपूरची माती घट्ट, पाणी झिरपू न देणारी, म्हणून हे तिथं जमलं, दुसरीकडं कुठंही खड्डा खणून जमत नाही. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा पेपरात पेवांचे फोटो आले आणि मला वाटलं की आता लिहायलाच पाहिजे, नाहीतर दुसरं कोणतरी लिहील आणि त्यात आबा नसतील.

पहिल्या खर्ड्यात काय होतं, तर आठवणींना नुसतं पेव फुटलेलं. हरिपूर रस्त्यावरच्या चिंचा, संगमेश्वराची श्रावणातली गर्दी, आबांचे पिवळे तळवे, भडंगाचा कागदी पुडा, सगळं आलं. आणि सगळे गुणी. कुणी कुणावर डाफरत नाही, कुणाला पैशाची नड नाही, घाटावर कायम संध्याकाळच. मैत्रिणीला वाचायला दिलं तर तिचा मेसेज आला, "वास मस्त येतोय गं, पण यात होतं काय?" मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, पण प्रश्न बरोबर होता.

तर या खर्ड्यात मी एकच धंदा केला. प्रत्येक आठवण समोर घेतली आणि विचारलं की या चित्रात मी सोडून दुसऱ्या कुणाला त्या वेळी घाई होती का, कुणाला काही पाहिजे होतं का, आणि ते का मिळत नव्हतं. लहान पोराला काही नको असतं, ते नुसतं बघत उभं असतं, म्हणून लहानपणच्या आठवणी इतक्या सुंदर आणि इतक्या ठप्प असतात. शेजारच्या मोठ्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहिलं की तीच आठवण हलायला लागते.

उदाहरण म्हणून चहाचंच सांगते. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते, माणूस गुदमरतो. तोंड उघडून काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, कंदील विझला की अजून थांबायचं. त्या थांबलेल्या माणसांना घरनं चहा पोचवणं हे माझं काम. ॲल्युमिनियमची किटली, झाकण सुतळीनं आवळलेलं, तोटीत फडक्याचा बोळा, वाटेत सांडू नये म्हणून. एकदा कंदील वर ओढला तर विझलेला, वातीतनं धुराची बारीक रेघ. आबा म्हणाले, "बसा." सगळे बसले, बशीत ओतून चहा प्यायले, कुणाच्यातरी म्हशीचा विषय निघाला. झालं. एवढीच आठवण आहे, पुढं काही घडलं नाही.

पहिल्या खर्ड्यात याची चार पानं होती आणि चारी पानांवर चहाच. आता तोच दिवस असा केलाय: मार्केट यार्डात सौद्याला, म्हणजे लिलावाला, भाव चढलाय, अडत्याचा ट्रक येऊन उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि खाली उतरणाऱ्या हमालांपैकी एकाला आजची हमाली आजच घरी न्यायची आहे, का ते वाचकाला आधीच माहिती आहे. आबांचं "बसा" तेच. किटली तीच, म्हैससुद्धा तीच. पण आता एकजण बशी घाईनं रिकामी करतो, दुसरा मुद्दाम फुंकर मारत बसतो, आणि आपण कंदिलाकडं बघत राहतो की कुणी परत सोडतंय का. नवीन वस्तू एकही आणली नाही, फक्त घाई आणली. किटलीवाली पोरगी मात्र अर्ध्या वाक्यात येते आणि जाते. तिला कापताना फार जिवावर आलं, पण ती तिथं उभी राहिली की सगळं गोड व्हायला लागतं, काय करणार.

हे प्रकरण आईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "कंदिलाचं बरोबर लिहिलंयस. पण चहा गुळाचा कुठं होता गं? आपल्यात साखरेचाच व्हायचा. लोकांना वाटेल आपली खायची मारामार होती." गूळ मी वासासाठी घातला होता, पण तिच्या बोलण्यानंतर मुद्दाम ठेवला, कारण गोष्टीतलं घर आमच्या घरापेक्षा जास्त नडलेलं आहे आणि ते आता ठरवून आहे. आईला सांगितलं की हे आपलं घर नाही. ती म्हणाली मग किटली आपली कशाला घेतलीस. याला उत्तर नाही.

पण त्याच बसण्यात तिनं जे सांगितलं त्यावर अख्खा खर्डा उलटा झाला. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात आजीनं तिला धुणं घेऊन घाटावर नेलं. आबांची बंडी दगडावर ठेवून साबण फिरवला आणि पिवळं कापड बघता बघता लाल झालं, आजीच्या हाताखालनं लालसर पाणी वाहायला लागलं. आई एकदम दचकली, तिला वाटलं सासूचा हात कापला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे स्वयंपाकघरात ओट्यावर आपण सगळ्याजणी बघतोच, पण एवढं पाणी लाल झालेलं तिनं कधी बघितलं नव्हतं. आजी हसली म्हणे, आणि म्हणाली, "रोजचंच हाय. उनात टाकलं की जातंय." आबांचे कपडे वेगळे भिजवायचे, वेगळ्या दोरीवर वाळवायचे, घरातलं पांढरं त्यात चुकूनही घालायचं नाही. मला आठवत होते ते पिवळे तळवे. त्या पिवळ्याची रोजची मेहनत कुणाच्या अंगावर होती हे मला कुठं दिसत होतं, मी सात-आठ वर्षांची.

तर आता पुस्तक घाटावर सुरू होतं, नव्या सुनेच्या नजरेनं. आबांसारखा माणूस तिसऱ्या प्रकरणापर्यंत समोर येतच नाही, त्याच्या आधी त्याचे कपडे येतात.

पुराचं सांगते. सांगलीचा पूर धाडकन येत नाही, तो चढतो. तिकडं कोयनेतनं विसर्ग वाढवलेला असतो आणि इकडं लख्ख ऊन पडलं असलं तरी पाणी वाढत राहतं, अख्खं गाव एकमेकांना एकच विचारतं, आयर्विनला किती? आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, १९२९ चा, पण गावाची मोजपट्टी अजून तीच. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या पुढं गेलं. बऱ्याचजणांनी सुचवलं की २०१९ चा पूर घे, तो मोठा आणि ताजा. मी २००५ च धरलाय. एक तर २०१९ ला प्रत्येकाच्या हातात मोबाईल, दर तासाला आकडा येतोय, आणि ज्याला आकडा कळतो तो माणूस पाण्याकडं वेगळ्या डोळ्यानं बघतो. माझ्या माणसांना घाटाच्या पायऱ्या मोजत बसायला पाहिजेत. दुसरं म्हणजे पेवांचं खरं कंबरडं मोडलं ते २००५ ला. पाणी पेवांत शिरलं, हळद सडली, आणि त्यानंतर लोक गोदामांकडं, कोल्ड स्टोरेजकडं वळले.

आणि इथं ती चहाची आठवण परत उपयोगाला आली, हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, शपथ. पेव लिंपलेलं आहे, पाणी पायरीपायरीनं वर येतंय, आत दुसऱ्याचा लाखांचा माल आहे. काढायचा तर तोंड उघडून आधी हवा खेळू द्यायला लागते, आणि तेवढा वेळ नदी देते का? ज्या मुकादमानं आयुष्यभर "बसा" म्हटलं तो आता काय म्हणणार? शेवट सांगत नाही, अजून दोन प्रकारे लिहून ठेवलाय.

घरची माणसं पुस्तकात आली आणि रागावली तर काय करायचं, हा प्रश्न मागच्या वेळी काहीजणांनी विचारला होता. माझा अनुभव उलटाच आलाय. तात्यांना, माझ्या चुलत्यांना, कुणीतरी सांगितलं की पोरीनं घरादारावर पुस्तक लिवलंय. फोन आला. "माझं काय लिवलंयस?" मी घाबरत म्हटलं, "तात्या, तुम्ही त्यात नाहीच." तर खरे तापले ते त्याच्यावर. "मी का न्हाई? पेवात उतरलो न्हाई व्हय मी?" आता दर रविवारी फोन करून ते मटेरियल पुरवतात, त्यातलं बरंचसं इतक्यांदा सांगून सांगून गुळगुळीत झालेलं, पण मधेच एखादी गोष्ट अशी येते की वही शोधायला पळावं लागतं. उदाहरणार्थ, पेवातनं वर आल्यावर बाहेरचा वारा इतका गार लागायचा की भर उन्हात अंगावर काटा यायचा. हे मला कधीच सुचलं नसतं. माझी पद्धत म्हणाल तर एका खऱ्या माणसाचा धंदा, दुसऱ्याचा स्वभाव आणि तिसऱ्याचं घर. मग कुणालाच आपण सापडत नाही आणि सगळ्यांना शेजारचा सापडतो.

भाषेबद्दल थोडंच. संवाद आमच्याकडच्या बोलीत, निवेदन साधं. "हाय, न्हाई, व्हय, लिवलंय" एवढं पुरतं, प्रत्येक शब्द वाकडा केला तर पुण्या-मुंबईचा वाचक सोडाच, हरिपूरचा पण अडखळतो. बोलीची खरी मजा वाक्याच्या वळणात असते. मोबाईलचा कीबोर्ड "न्हाई"चं "न्हावी" करतो ते एक निराळंच.

छपाईचं जरा वैतागाचं आहे. पुस्तक मी स्वतःच काढतेय. माझं सगळं युनिकोडमध्ये आणि एका प्रेसमधल्या ऑपरेटरकडं युनिकोडच्या आधीचा जुना 'श्री-लिपी'चा फॉन्ट, त्यानं फाईल कन्व्हर्ट करून नमुन्याची पानं दिली तर "पायऱ्या"मधला र कुठंतरी भलतीकडं आणि "आयर्विन"चा रफार शेजारच्या अक्षरावर बसलेला. माझ्या पुस्तकात या दोन शब्दांशिवाय पान उलटत नाही! तो म्हणाला प्रूफात काढू. मी म्हटलं नको, फाईल परत द्या. आता युनिकोडमध्येच पानं लावून देणारी एक मुलगी मिळालीय, कोल्हापूरची. ज्यांना असंच करायचंय त्यांनी आधी र्‍य, रफार आणि जोडाक्षरं भरलेलं एक पान मुद्दाम तयार करून तेवढंच लावून मागवा, पैसे बोलण्याच्या आधी.

बाकी पुस्तकाचा आकार डेमी, कागद ७० जीएसएम वजनाचा साधा पांढरा मॅपलिथो. छपाईत पानं एकदम गठ्ठ्यानं निघतात, त्याला फॉर्म म्हणतात, तो १६ पानांचा असतो म्हणून शेवटची पानं कोरी राहू नयेत हे बघून मजकूर बसवायला लागतो, माझी आत्ता पाच पानं जास्त होतायत, म्हणजे अजून कापाकापी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडनं फुकट मिळतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नका, फक्त छापील आणि ई-बुकला वेगवेगळा लागतो. किंडलवर मराठी चालतं, ते छापील निघाल्यावर बघू. कव्हर पिवळं करायचं नाही एवढं नक्की, हळदीच्या पुस्तकाला पिवळं कव्हर कुणीही करेल.

सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहायचं म्हणजे याची एकांकिका कर असं सांगणारे रोज भेटतात. पेवाचं तोंड स्टेजवर कसं दाखवणार ते आधी सांगा.

पुढचं काम म्हणजे सौद्याचं प्रकरण. ते सगळ्यात कच्चं आहे, कारण आम्हा पोरींना यार्डात कुणी नेलंच नाही, त्यामुळं तिथली माझी आठवण शून्य आणि सगळं विचारून लिहावं लागतंय. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अडत दुकान असेल, किंवा १९९०-२००५ च्या काळातल्या पेवाच्या भाड्याच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या असतील तर नुसते फोटो पाठवा, नावं झाकून चालतील. आणि एक बारीक शंका आहे, तोलणारा माणूस वजन सांगताना मोठ्यानं ओरडायचा की नुसतं लिहून घ्यायचा? तात्या म्हणतात ओरडायचा, आई म्हणते तात्यांना सगळेच ओरडल्यासारखे ऐकू येतात.