दाशिंग मॉडेल: पाचवा वरंबा अखेर उमटला!

मंडळी, चीनमध्ये आजच्या शिआनच्या जागी वसलेल्या दाशिंग या जुन्या राजधानीचं मी पुठ्ठ्याचं उंचसखल मॉडेल करतोय. तिथल्या जमिनीवरच्या सहा लांबट, बुटक्या वरंब्यांपैकी पाचवा काल रात्री सव्वा वाजता स्क्रीनवर दिसला. तीन आठवडे तो छळत होता.

स्केल १:२०,०००, उंची दहापट वाढवलेली. म्हणजे ९.७ बाय ८.६ किमीचं नगर ४८ बाय ४३ सेंटिमीटरमध्ये, आणि २ मीटर चढाला १ मिमी पुठ्ठा. सनबोर्ड, म्हणजे फोमचा जाड बोर्ड, मी आधीच बाद केला. ३ मिमीच्या एका थरात ६ मीटर जातात आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो वरंबाच गायब होतो.

५८२ मध्ये स्वी घराण्याच्या सम्राट वेनसाठी युवेन काय या वास्तुकाराने ही राजधानी आखली, तेव्हा तिथले सहा वरंबे त्याने यीजिंग या प्राचीन चिनी शकुनग्रंथातल्या छ्येन या सहा रेघांच्या चिन्हाच्या रेषा मानले. दुसऱ्यावर राजवाडा, तिसऱ्यावर कचेऱ्या. पाचवी रेषा सर्वांत मानाची, तिथे सामान्यांची वस्ती नको. म्हणून झूच्वे या मधल्या मुख्य रस्त्याच्या पूर्वेला दाशिंगशान हे बौद्ध मंदिर, पश्चिमेला श्वानदू हा ताओ मठ. दाशिंगशान आजही शिआनमध्ये त्याच जागी आहे, त्यामुळे वरंबा कुठून जायला हवा ते पक्कं माहीत होतं. पण एसआरटीएम या अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीच्या डेटात तिथे नुसते खड्डे-उंचवटे. २००० सालच्या त्या रडारने जमिनीबरोबर शहराची छपरंही मोजली आहेत. वरंबा जेमतेम काही मीटरचा, शेजारची इमारत त्याच्या दुप्पट-तिप्पट. स्मूद करावं तर इमारतींसोबत वरंबाही सपाट, न करावं तर पुठ्ठ्यावर आजचं शिआन उगवतं. इमारती वजा केलेला फॅबडेम हा उंचीचा डेटा घेतल्यावर चार वरंबे छान सुटले, पण पाचवा तुकड्या-तुकड्यांतच राहिला.

उत्तर शेवटी शेतातल्या सरी-वरंब्यावरून सुचलं. वरंब्यावर फळी फिरवायची तर लांबीच्या दिशेने फिरवतात, आडवी फिरवली तर तो मोडतो. मी चौकोनी खिडकीने, म्हणजे नकाशावर सरकवत नेलेल्या चौकोनातल्या उंचीची, सरासरी काढत होतो, म्हणजे फळी आडवीच फिरवत होतो. हे वरंबे साधारण पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे जातात. त्याच दिशेला लांबट, अरुंद खिडकी घेतली आणि सरासरीऐवजी खिडकीतल्या सर्वांत खालच्या दहा टक्क्यांची पातळी उचलली. छपरं गळून पडली आणि एक सलग फुगवटा राहिला. दाशिंगशान आणि श्वानदूचे टिंब टाकले, दोन्ही बरोबर त्याच्यावर! चौदाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या आखणीची रेघ आपल्या डोळ्यांसमोर उमटताना बघणं फार मोठं सुख आहे.

पुठ्ठ्याबद्दल: ऑनलाइन मागवलेले ग्रे बोर्ड पावसाळी हवेत वाकडे होऊन आले. आता पुस्तकं बाइंड करणाऱ्यांकडूनच घेतो. पत्रा असावा तसे सपाट, आणि हवे तेवढेच नग मिळतात.

आज सकाळी पुठ्ठ्याच्या पायऱ्यांवर प्लास्टरचा पातळ हात फिरवला, वाळल्यावर पाणी कुठे साचेल ते बघायला मूठभर मोहरी टाकली आणि तांदूळ पाखडावेत तसं मॉडेल हलकेच हलवलं. बरीचशी मोहरी राजवाड्याच्या भोवती जमली. दुसरी रेषा चिन्हात शुभ असेल, पण जागा सखल होती. तिथला दमटपणाच तर राजघराण्याला नकोसा झाला. ६३४ मध्ये ईशान्येच्या उंच लुंगशौ पठारावर दामिंग राजवाडा सुरू झाला आणि तांग सम्राट गाओचुंगच्या काळात दरबार तिकडे हलला. माझ्या मते युवेन कायची खरी कसोटी इथेच दिसते: चिन्ह जुळलं, पाणी जुळलं नाही.

आणि हे लिहिता लिहिता बेत बदलला! पुढच्या आठवड्यात आग्नेय कोपऱ्यातलं छूच्यांग तळं कोरणार होतो, ते थांबवतोय. आधी मॉडेल उत्तरेकडे वेई नदीपर्यंत वाढवायचं, म्हणजे वायव्येची हान घराण्याच्या काळची जुनी राजधानी छांगआनही येईल. तिथलं पाणी खारट झाल्यामुळेच तर हे नवं नगर वसवायचं ठरलं. मॉडेल जवळजवळ दुप्पट होईल, मग टेबलाऐवजी एमडीएफचा तळ जमिनीवर ठेवून काम करावं लागेल. कुणी वेईच्या जुन्या पात्राची रेघ काढली असेल तर कळवा, आजचं पात्र बरंच उत्तरेला सरकलंय.